कामठ्याच्या पटाचं घड्याळ

बैलांच्या पटाच्या दिवशी सकाळी साडेसातला मनिराम सरांचा फोन आला, तेव्हा दुर्गेश्वरी फुलचूरला आपल्या कॉम्प्युटर क्लासचं शटर वर करत होती.

"तुया लॅपटॉप नवाच आहे ना?" सरांनी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"हो सर, दिवाळीत घेतला. काऊन?"

"जनरेटर चालू केला अन् आपला कॉम्प्युटर जळला. धूर निघाला त्याच्यातून. दहा वाजता पट सुरू व्हायचा आहे. येतं का?"

दुर्गेश्वरीने अर्धं उघडलेलं शटर परत खाली ओढलं, नऊच्या बॅचला सुट्टीचा मेसेज टाकला आणि स्कूटी कामठ्याच्या रस्त्याला लावली.

मनिराम सर म्हणजे आयटीआयमधले तिचे जुने मास्तर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. ते नोकरीत असताना कामठ्याच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, दरवर्षी भांडणं व्हायची. दोन जोड्या एकाच वेळी सुटत, त्यांच्या हलक्या गाड्या, छकड्या, धुळीत दिसेनाशा होत, आणि कोण आधी पोचलं यावर लोक काठ्या काढत. सरांनी २००४ साली यावर उपाय काढला. डाव्या-उजव्या प्रत्येक पट्टीला सुरुवातीला दोन खांब, शेवटाला दोन खांब, मधे न दिसणारा उजेडाचा धागा. बैलाने पहिला धागा तोडला की घड्याळ सुरू, दुसरा तोडला की बंद. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. ती वेळ कॉम्प्युटरवर उमटायची आणि जोडीच्या नावासकट कायमची नोंदली जायची. प्रोग्राम सरांनी स्वतः लिहिला होता, पुस्तक मांडीवर घेऊन, दोन महिने बसून. ते घड्याळ होतं तोवर कामठ्याच्या पटात भांडण झालं नाही.

मग कोर्टाच्या बंदीने काही वर्षं पटच बंद होते. परवानगी आल्यावर गेल्या वर्षी पहिल्यांदा पट भरला तो मोबाईलच्या घड्याळावर, आणि तिसऱ्याच जोडीला हाणामारी झाली. म्हणून यंदा समितीने सरांच्या घरून ते जुनं घड्याळ परत बाहेर काढलं होतं.

दुर्गेश्वरी पोचली तेव्हा कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांमध्ये माणसंच माणसं होती. बांध सपाट करून केलेल्या दोन पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना बांबू बांधले होते. कडेला बैलांच्या जोड्या उभ्या होत्या, शिंगांना रंग, पाठीवर झुली. भोंग्यावरून कोणी तरी गावोगावच्या जोड्यांची नावं घेत होतं. मंडपात टेबलावर जळका कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढे मनिराम सर, स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या.

बाजूला समितीचे अध्यक्ष उमेंद्र उभे होते. उंच, धिप्पाड, गळ्यात मफलर.

"बासष्ट जोड्या आल्या आहेत मॅडम," ते म्हणाले. "बालाघाटहून पण आल्या. बैलं वाट पाहत नाहीत, अन् बैलवाले तर त्याहूनही नाही. जमते का सांगा, नाही तर मी मोबाईल काढतो."

"मोबाईल काढला तर गेल्या वर्षीसारखं डोकं फुटेल कोणाचं तरी," सर म्हणाले. "बस वं दुर्गेश्वरी."

सर शहाणे होते. दिवाळीत साफसफाई करताना त्यांनी प्रोग्राम आणि जुन्या सगळ्या नोंदी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवल्या होत्या. दुर्गेश्वरीने तो लॅपटॉपला लावला. खांबांकडून आलेली वायर जोडायला सरांकडे जोडणी होती. सगळं दहा मिनिटांत झालं. तिने प्रोग्रामवर दोनदा क्लिक केलं. सरांचा ओळखीचा हिरवा पडदा क्षणभर आला आणि लगेच त्याच्यावर एक चौकोन उघडला. नोंदींपर्यंत पोचता येत नाही, ड्रायव्हर सापडत नाही.

"काय म्हणते?" उमेंद्रने विचारलं.

"ड्रायव्हर नाही म्हणते."

"मग सांगायचं ना. ट्रॅक्टरवाला बसला आहे माझा रिकामा."

दुर्गेश्वरीला हसू आलं, पण तिने नीट समजावून सांगितलं. सरांचा प्रोग्राम आणि जुन्या नोंदी एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मधे एक दुभाषी लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. जुन्या कॉम्प्युटरमध्ये तो वीस वर्षांपूर्वी बसवला होता. सरांनी प्रोग्राम उतरवून घेतला, नोंदी उतरवून घेतल्या, पण दुभाषी तिथेच राहिला आणि कॉम्प्युटरसोबत जळला. नव्या लॅपटॉपला त्या जुन्या नोंदींची भाषाच माहीत नव्हती.

"नोंदी राहू दे मग. नुसती वेळ दाखव," उमेंद्र म्हणाले.

"नाही होत," सर हळू आवाजात म्हणाले. "नोंदवही उघडल्याशिवाय घड्याळ चालूच होऊ नये, असंच लिहिलं आहे मी. कोणी नोंद न करता जोडी सोडू नये म्हणून."

तिने मोबाईलचं नेट लावून ड्रायव्हर शोधून पाहिला. कंपनीने तो केव्हाच काढून टाकला होता. आणि मैदानात इतके लोक इतके फोन घेऊन उभे होते की पान उघडता उघडत नव्हतं. साडेनऊ झाले. भोंगेवाला आता त्याच जोड्यांची नावं दुसऱ्यांदा घेऊ लागला होता.

"सर, तो आला होता कुठून? तेव्हा तर नेट नव्हतं."

सरांनी कपाळावर हात मारला. "सीडी होती. कंपनीची, छापील. निळ्या अक्षरांची. घरी आहे. रुख्माला विचार, तिला माहीत आहे माझ्या सीड्या कुठे आहेत ते."

सरांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. रुख्माकाकी परसात वालाच्या शेंगा तोडत होत्या. दुर्गेश्वरीने धापा टाकत सीड्यांचं विचारलं, तेव्हा त्यांनी वर बोट दाखवलं.

वालाच्या मांडवावर नऊ सीड्या सुतळीने टांगलेल्या होत्या. वारा आला की त्या गरगर फिरत आणि त्यांची चमक भिंतीवरून पळत जाई.

"पोपट येतात वं," काकी म्हणाल्या. "शेंगा ठेवत नाहीत. हे म्हणे आता सीडी कोणी लावत नाही, मग मी म्हटलं कामाला तरी लावू. दोन वर्षं झाली. पोपट नाही आला एक."

दुर्गेश्वरी मांडवाखाली उभी राहून वर पाहत राहिली. उन्हापावसाने सगळ्यांचे रंग उडाले होते. निळी अक्षरं एकावरही नव्हती. घरी भरलेल्या सीड्या उन्हात मरतात हे ती स्वतःच क्लासमध्ये शिकवायची. छापील सीडी मात्र चिवट असते. त्यातली एक जरी वाचली गेली तरी चालणार होतं. रोज फॉर्म भरून देणं, टायपिंग शिकवणं, आधारला फोन नंबर जोडून देणं, यात गेली कितीक वर्षं असं काही झालंच नव्हतं.

"काकी, सगळ्याच द्या."

काकींनी विळ्याने सुतळ्या कापल्या. साबण लावून नऊही सीड्या ताटासारख्या धुतल्या, पदराने पुसल्या आणि रिकाम्या डब्यात घालून दिल्या. "पोपट आला तर तुया नावाने रडीन," त्या म्हणाल्या.

आता सीडी लावायची कुठे? नव्या लॅपटॉपला ती खाचच नसते. दुर्गेश्वरीला इंद्रकुमारची आठवण झाली. लग्नाच्या शूटिंगचं त्याचं दुकान बसस्टँडजवळ होतं, आणि आज तो मैदानावर पट लाईव्ह दाखवायला कॅमेरा घेऊन उभा होता. तिने फोन केला.

"है ना मॅडम, जुना पीसी पडला आहे. म्हाताऱ्या लोकांच्या लग्नाच्या सीड्या असतात, त्यासाठी ठेवला आहे. येतोच मी. इथे कुछ चालू ही नहीं, काय लाईव्ह दाखवू? बैल शेपूट हलवून राहिले तेच दाखवतो आहे केव्हाचा."

दोघं एकाच वेळी दुकानापाशी पोचले. पहिली सीडी लावली, काहीच नाही. दुसरी घरघरली आणि गप्प झाली. तिसऱ्यात कोणाच्या तरी वास्तुशांतीचं शूटिंग होतं, तेही अर्धं. चौथी कोरी. पाचवी लावल्यावर मशीन इतका वेळ फिरत राहिलं की इंद्रकुमार ती काढायला बटण दाबणारच होता. तेवढ्यात पडद्यावर एक खिडकी उघडली. आत फोल्डर होते, आणि त्यातल्या एकाचं नाव होतं ड्रायव्हर्स.

"थांब," दुर्गेश्वरी म्हणाली. "हात नको लावू."

तिने फाईल पेनड्राइव्हवर ओढली. हिरवी पट्टी पुढे सरकली, सरकली, आणि शेवटाला येऊन अडकली. ओरखडा होता. इंद्रकुमारने सीडी काढली, कॅमेऱ्याच्या भिंगाचं मऊ फडकं घेतलं आणि मधून बाहेर, मधून बाहेर असं एकेका रेषेत पुसत राहिला. लग्नाच्या सीड्यांनी त्याला ते शिकवलं होतं. दुसऱ्यांदाही पट्टी तिथेच अडकली. तिसऱ्यांदा गेली.

ते मैदानात परतले तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. उमेंद्र भोंग्यावर स्वतः उभे राहून लोकांना चहाचा आग्रह करत होते. दुर्गेश्वरीने ड्रायव्हर बसवायला घेतला. लॅपटॉपने दोनदा विचारलं, ही फाईल जुनी आहे, ओळखीची नाही, खरंच चालवायची का? तिने दोनदा हो म्हटलं. पट्टी भरली. काम झालं, असं लिहून आलं.

सर तिच्या खांद्यावरून पाहत होते. "आता यादीत बघ. ड्रायव्हरांची यादी असते, त्यात त्याले प्रोग्रामशी जोडावं लागते."

तिने यादी उघडली. ड्रायव्हर नव्हता. पुन्हा बसवला. पुन्हा पाहिलं. नव्हता.

"बसला म्हणते अन् दिसून नाही राहिला," ती म्हणाली. "सर, असं कसं होईल?"

मागे एक बैल हंबरला. मंडपाच्या दोरीला टेकून एक म्हातारे गृहस्थ उभे होते, शालीकरामभाऊ. त्यांच्या जोडीने पट बंद होण्याआधीच्या शेवटच्या वर्षी बाजी मारली होती, आणि तेव्हापासून ते प्रत्येकाला सांगत की आपली जोडी सात सेकंद ऐंशीत आली होती. पुरावा हाताशी नव्हता, म्हणून लोक मान हलवून हसत. ते आता टेबलापाशी आले.

"नवीन मशीन आहे ना बाई, मग जुन्याले आत घेत नसेल," ते म्हणाले. "आमच्या सुनेचं असंच होतं पहिले. मागच्या दारानं ये म्हणे."

दुर्गेश्वरीचा हात माऊसवर थांबला. मागचं दार. लॅपटॉप चौसष्ट बिटांचा. प्रोग्राम आणि ड्रायव्हर दोन्ही बत्तीस बिटांचे, वीस वर्षांपूर्वीचे. नव्या कॉम्प्युटरमध्ये जुन्या प्रोग्रामांसाठी वेगळी खोली असते, आणि त्या खोलीची यादीही वेगळी असते. ती उघडून बसली होती ती नव्यांची यादी. जुना ड्रायव्हर तिथे दिसणारच नव्हता.

तिने शोधायच्या रकान्यात पुन्हा त्या यादीचं नाव टाईप केलं आणि या वेळी घाई न करता वाचलं. खरंच दोन निकाल होते, एकाखाली एक, अगदी सारखे. फक्त शेवटी कंसात एकाला चौसष्ट आणि दुसऱ्याला बत्तीस. तिने बत्तीसवर क्लिक केलं. यादीत सर्वात खाली, जणू सकाळपासून तिथेच बसला असावा, असा तो ड्रायव्हर होता.

"सापडला," ती म्हणाली. "सर, हा बघा. सापडला."

सरांनी चष्मा वर केला, पाहिलं आणि शालीकरामभाऊंचा हात हातात घेऊन तसेच उभे राहिले.

आता एकच पायरी उरली होती. या जोडणीला एक नाव द्यायचं असतं. सरांचा प्रोग्राम नोंदी मागताना ज्या नावाने हाक मारतो, अगदी तेच नाव. एक अक्षर इकडेतिकडे झालं तर तो ओ देत नाही.

"काय नाव दिलं होतं सर?"

"शंकरपट," सर लगेच म्हणाले. "दुसरं कायले देईन?"

तिने इंग्रजीत शंकरपट लिहिलं. प्रोग्राम उघडला. तोच चौकोन, सापडत नाही. मग पट लिहिलं. कामठा लिहिलं. मनिराम लिहिलं. उमेंद्रने आपल्या वडिलांचं नाव सुचवलं, कारण तेव्हा तेच अध्यक्ष होते. तेही नाही. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरू लागला. "वीस वर्षं झाली वं," ते म्हणाले. "मले आता नाही आठवत."

"तुम्हाला आठवायची गरज नाही सर. प्रोग्रामला आठवत असेल."

तिने प्रोग्रामची फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. पडदा चौकोनांनी, आकड्यांनी, वाकड्यातिकड्या चिन्हांनी भरून गेला. उमेंद्र मागे सरकले. त्यांना वाटलं आता हाही बिघडला. पण त्या कचऱ्यातच मधे मधे सरांनी वीस वर्षांपूर्वी इंग्रजी अक्षरांत लिहिलेले शब्द सुटे सुटे पडलेले होते, एकेका अक्षरात अंतर ठेवून. 'जोडी तयार.' 'वेळ नोंदली.' दुर्गेश्वरी पान खाली सरकवत राहिली. सर, इंद्रकुमार, शालीकरामभाऊ, सगळे पडद्याला नाक लावून वाचत होते. शालीकरामभाऊंना इंग्रजी येत नव्हतं तरी.

"थांब," सर म्हणाले. "वर घे. थोडं वर."

तिने वर घेतलं. शंकरपटच होतं. फक्त त्यात 'कर'च्या जागी 'केर' होतं, आणि पटाच्या शेवटी एक जास्तीचं एच.

"सर, तुम्ही शंकेरपाथ लिहिलं आहे."

"तेव्हा मी इंग्रजीत असंच लिहायचो," सर म्हणाले आणि मोठ्याने हसले. सकाळपासून पहिल्यांदा.

तिने ते नाव जसंच्या तसं टाकलं, एकेक अक्षर मोजून. प्रोग्राम उघडला. हिरवा पडदा आला. ती चौकोनाची वाट पाहत राहिली. चौकोन आला नाही. त्याऐवजी डाव्या बाजूला वर्षांची यादी उमटली, २००४ पासून पुढे, एकाखाली एक, आणि मधोमध मोठं शून्य.

"खांबांमधून कोणी तरी जा," सर ओरडले.

जवळच उमेंद्र होते. ते मफलर सावरून पट्टीवरून धावत सुटले. दोन्ही हात वर, पायात चप्पल. पहिल्या खांबापाशी पडद्यावरचं शून्य हललं, आकडे धावू लागले. लोकांना काय चाललं आहे ते कळलं नाही, पण अध्यक्ष धावताना पाहून त्यांनी शिट्ट्या मारल्या. शेवटच्या खांबापाशी आकडे थांबले. एकवीस सेकंद आणि वर पासष्ट.

"अध्यक्षसाहेबांची वेळ एकवीस पासष्ट," इंद्रकुमारने भोंग्यावरून जाहीर केलं, आणि बांध्यांमधून हशाची लाट गेली.

जोड्या पट्टीकडे येऊ लागल्या. तेवढ्यात शालीकरामभाऊ टेबलापाशी वाकले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "बाई, माझी नोंद असेल का त्यात? शेवटच्या वर्षाची?"

दुर्गेश्वरीने ते वर्ष उघडलं. नाव होतं. शालीकराम, जोडीची नावं, पट्टी डावी. पुढे वेळ. तिने वाचली, मग पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"भाऊ, तुम्ही ऐंशी सांगता ना?"

"सात ऐंशी. खोटं नाही सांगत मी."

"खोटंच सांगता. इथे सात चौऱ्याहत्तर आहे."

शालीकरामभाऊ तो आकडा पाहत राहिले. त्यांनी दोनदा डोळे पुसले. मग मागे वळून, ज्यांनी ज्यांनी त्यांना हसून मान हलवली होती त्यांना, एकेकाला नावाने हाका मारून मंडपात बोलावलं. चार माणसं आली, मग दहा आली, मग उमेंद्रला त्यांना हाकलावं लागलं, कारण पहिली जोडी सुटायला तयार होती.

सव्वाअकराला लाल झेंडी खाली आली. दोन छकड्या सुटल्या. दुर्गेश्वरीला बैल दिसलेच नाहीत. तिला दिसत होते फक्त धावणारे आकडे. जमीन मात्र टेबलाच्या पायांमधून थरथरत वर आली, भोंगा, माणसं, सगळं एका आवाजात मिसळलं, आणि पडद्यावर एकामागोमाग दोन वेळा उमटल्या. आठ सेकंद बत्तीस. आठ सेकंद एकोणपन्नास. इंद्रकुमारने त्या वाचून दाखवल्या. दोन्ही बैलवाल्यांनी मान डोलावली. कोणी कोणाच्या अंगावर गेलं नाही.

मग दुसरी, तिसरी, दहावी. दुपारी रुख्माकाकी भाकरी आणि वालाच्या शेंगांची भाजी घेऊन आल्या. डबा दुर्गेश्वरीपुढे ठेवून त्यांनी फक्त एवढंच विचारलं की सीड्या कुठे आहेत. तिने आठ परत दिल्या. ड्रायव्हरची ती पाचवी तिने स्वतःच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळून ठेवली होती, आणि घरी गेल्यावर तिच्या तीन नकला करायच्या असं सरांना सांगून टाकलं होतं. सगळ्या पायऱ्याही तिने वहीच्या पानावर उतरवल्या होत्या. बत्तीसची यादी, आणि खाली ठळक अक्षरांत नाव, त्यातल्या 'केर' आणि एचसकट.

चारला शेवटच्या सहा जोड्या उरल्या. त्यात बालाघाटची पांढरी जोडी होती. सकाळपासून लोक तिच्याभोवती फिरत होते. आजची आतापर्यंतची सर्वात चांगली वेळ होती सात एक्क्याऐंशी.

"सर, तुम्ही बसा इथे," दुर्गेश्वरी म्हणाली. "ही एक मला बघू द्या."

मनिराम सर लॅपटॉपपुढे बसले. तिने मंडपातून बाहेर येऊन बांबूला हात धरला. समोर पट्टीच्या टोकाला पांढरे बैल मान खाली घालून उभे होते, आणि गाडी हाकणारा धुरकरी एका पायावर, छकडीला चिकटून. शालीकरामभाऊ तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांना चौऱ्याहत्तर टिकावं असं वाटत होतं की मोडावं असं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. झेंडी हातात घेतलेल्या माणसाने ती वर उचलली. बैलांनी कान टवकारले.

झेंडी खाली आली, आणि दुर्गेश्वरी इतक्या जोरात ओरडली की तिचा स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही.